पोह्याच्या प्लेटमध्ये फॉर्मेशन मांडण्याआधी मॅच कशी बघावी

रविवारी सकाळी नागपूरच्या कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोह्याच्या ठेल्यावर उभं राहा. आदल्या रात्रीच्या फुटबॉल मॅचचं पोस्टमार्टेम फुकटात ऐकायला मिळतं. कोणीतरी तर्रीतले दहा हरभरे चमच्यानं वेचतो आणि प्लेटच्या काठावर मांडतो. चार मागे, तीन मध्ये, तीन पुढे. लिंबाची फोड म्हणजे गोलकीपर. मग सुरू होतं, ‘अबे, ४-३-३ मध्ये ह्या पोट्ट्याले मधात कायले खेळवलं?’ मी या वादात पंधरा वर्षं आहे. त्यातली बरीच वर्षं मी छातीठोकपणे चुकीचं बोललो, कारण मॅच बघायची कशी हेच मला कळत नव्हतं. गोल दिसत होते, खेळ दिसत नव्हता.

अलार्म, रिचार्ज, कूलरमध्ये पाणी हे तुमचं तुम्ही बघा. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या बहुतेक मॅच आपल्याकडे रात्री साडेबाराला नाहीतर दीडला सुरू होतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. एक कागद आणि पेन जवळ असू द्या. मोबाइल उलटा ठेवा. का, ते पुढे सांगतो.

स्क्रीनवरचं फॉर्मेशन म्हणजे हजेरीपट

मॅचच्या आधी स्क्रीनवर फॉर्मेशन, म्हणजे खेळाडूंची मांडणी, ४-३-३ किंवा ४-२-३-१ अशी दाखवतात. ते लिहून घ्या आणि विसरा. आकडे मागून पुढे मोजायचे, गोलकीपर धरायचा नाही. या पायरीत एवढंच.

आधी बॉल नसतानाची टीम बघा

हे सोपं आहे. समोरच्या टीमचा गोलकीपर बॉल पायाशी घेऊन उभा राहिला की आपल्या टीमच्या रांगा मोजा. बॉल नसताना जवळपास प्रत्येक टीम नीट रांगेत असते. बहुतेक वेळा ४-४-२ किंवा ५-४-१ निघतं. लिहा आणि पुढे चला.

बॉल असतानाची टीम: इथंच सगळे घसरतात

आपली अडचण अशी की आपण वाढलो क्रिकेटवर. क्रिकेटमध्ये कॅप्टननं स्लिपला उभं केलेला माणूस स्लिपलाच असतो. फील्डिंगचा नकाशा काढला की ओव्हरभर तो खरा राहतो. तोच चष्मा लावून आपण फुटबॉल बघतो आणि धरून चालतो की लेफ्ट बॅक डावीकडे मागेच असणार. फुटबॉलमध्ये एकाच टीमचे दोन नकाशे असतात, एक बॉल असतानाचा आणि एक नसतानाचा. ठेल्यावरची निम्मी भांडणं अशी असतात की एक जण पहिल्या नकाशावर बोलतोय, दुसरा दुसऱ्यावर, आणि दोघंही बरोबर आहेत.

मला हे कळलं १७ मे २०२३ च्या मध्यरात्रीनंतर. मँचेस्टर सिटी आणि रिअल माद्रिदची चॅम्पियन्स लीग सेमीफायनल होती. बाहेर मे महिन्यातली नागपूरची रात्र, आत कूलर घरघरतोय, आणि मी शर्त लावून बसलो होतो की सिटी चार डिफेंडर घेऊन खेळतेय. शेजारी आमचे एक काका होते, तरुणपणी कामठीला हाफबॅक, म्हणजे आजचा मिडफिल्डर, खेळलेले. त्यांनी दहा मिनिटं माझी बडबड ऐकली आणि म्हणाले, “बॉलकडे कायले पायतं? तो कुठी पयून नाही जात. पाच नंबरवाल्याकडे पाय.”

पाच नंबर म्हणजे जॉन स्टोन्स. कागदावर डिफेंडर. मी बॉल सोडून फक्त त्याच्याकडे बघायला लागलो. पहिली दोन मिनिटं फार त्रास झाला, डोळे आपसूक बॉलकडे पळायचे. मग दिसलं. बॉल सिटीकडे आला की हा माणूस चालत चालत मिडफिल्डमध्ये रॉड्रीच्या शेजारी जाऊन उभा राहायचा. मागे वॉकर, डियास, अकांजी असे तिघंच. बॉल गेला की पुन्हा मागे, पुन्हा चौघं. म्हणजे बॉल असताना ३-२-४-१ आणि नसताना ४-४-२. मधल्या फळीत माद्रिदला सारखा एक माणूस कमी पडत होता. सिटी ४-० नं जिंकली. बर्नार्डो सिल्व्हाचे पहिल्या हाफमधले दोन्ही गोल मी नीट पाहिलेच नाहीत, कारण मी स्टोन्सला बघत होतो. शर्तीचे समोसे मी दिले आणि मला ते स्वस्तात पडले.

तेव्हापासूनची माझी पद्धत सांगतो. किकऑफनंतर पहिली पाच मिनिटं वाया घालवा. सुरुवातीला दोन्ही टीम लांब बॉल मारून एकमेकींना चाचपत असतात, तेव्हा मोजलेलं काही टिकत नाही. मग एक माणूस निवडा आणि पुढची दहा मिनिटं फक्त त्याला बघा. पहिल्यांदा करत असाल तर साइड बॅक, म्हणजे कडेचा डिफेंडर, घ्या. आजकाल कोचची सगळी चलाखी तिथं दिसते. तो रेषेला चिकटून वर जातो, आत मिडफिल्डमध्ये शिरतो, की मागेच थांबून तिसरा डिफेंडर होतो? तिन्हींतून तीन वेगळी फॉर्मेशन निघतात. दुसऱ्या दहा मिनिटांत डिफेंडरांच्या पुढचा मिडफिल्डर घ्या. तो दोन सेंटर बॅकच्या, म्हणजे मधल्या डिफेंडरांच्या, मधात उतरतोय का? एवढी दोन माणसं कळली की उरलेले आठ आपोआप जागेवर बसतात.

मोजायची वेळही ठरलेली असू द्या. आपल्या टीमकडे बॉल आहे, तो शांतपणे मधल्या रेषेच्या पुढे गेलाय, समोरचे मागे सरकलेत, त्या क्षणी मागून मोजा. बॉलच्या मागे किती जण थांबलेत? तीन आणि दोन? दोन आणि तीन? हा आकडा सगळ्यात कामाचा. बॉल हरवला तर काउंटर, म्हणजे समोरच्याचा झटपट उलटा हल्ला, थांबवायला हीच माणसं असतात.

कधी मोजू नये हे त्याहून महत्त्वाचं, कारण माझा पोपट इथंच दोनदा झालाय. कॉर्नरनंतर मोजू नका, सेंटर बॅक अजून समोरच्या गोलजवळ असतात. थ्रो-इनला मोजू नका. बॉल नुकताच हिसकावलाय आणि सगळे पळतायत, तेव्हा तर मुळीच नाही. गोल झाल्यावर किंवा बदली खेळाडू आल्यावर आधीचं सगळं खोडून नव्यानं मोजा. ऐंशीव्या मिनिटाला १-० नं मागे असलेल्या टीमचं फॉर्मेशन सांगून कोच येडा ठरवणाऱ्याशी मी बोलतच नाही.

टीव्हीची एक खोड आहे. मुख्य कॅमेरा साधारण अर्धं मैदान दाखवतो, त्यामुळे बॉलपासून लांब असलेला विंगर, म्हणजे कडेनं खेळणारा फॉरवर्ड, बऱ्याचदा फ्रेमबाहेर असतो. तुमची गिनती नऊवर अडली तर घाबरू नका, दहावा तिकडेच उभा असतो. बॉल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला लांब मारला की कॅमेरा फिरतो आणि तो सापडतो. रिप्ले सुरू असताना पाणी पिऊन या, त्यात आकार दिसत नाही.

आता मोबाइल उलटा का ठेवायचा ते. ‘ॲपमध्ये सरासरी जागांचा नकाशा येतो, तो बघ,’ असा सल्ला मला आठवड्यातून एकदा मिळतो. ऐकू नका. नावाप्रमाणे ती सरासरी असते. एक विंगर अर्धा वेळ डावीकडे आणि अर्धा वेळ उजवीकडे खेळला, तर नकाशा त्याला बरोबर मधात दाखवतो, जिथं तो क्वचितच गेलेला असतो. बॉल असताना पुढे आणि नसताना मागे असणाऱ्या बॅकलाही तो मधेच कुठेतरी टांगतो. मॅच बघून झाल्यावर पडताळ्याला ठीक आहे. मॅचच्या ऐवजी चालणार नाही.

आणि हे काही आजचं फॅड नाही. २५ नोव्हेंबर १९५३ ला वेम्बलीवर हंगेरीनं इंग्लंडला ६-३ नं झोपवलं. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड हिडेगकुटी पुढे थांबायचाच नाही, मागे मिडफिल्डमध्ये सरकायचा. त्याच्यामागे जावं की जागा धरून राहावं, हे इंग्लंडच्या डिफेंडरला मॅचभर उमगलं नाही आणि हिडेगकुटीनं तीन गोल केले. आपल्या घरचं उदाहरण हवं असेल तर १९६२ ची जकार्ता एशियाड घ्या. कोच सय्यद अब्दुल रहीम यांनी डोक्याला दुखापत झालेल्या जर्नैलसिंग या डिफेंडरला फायनलमध्ये फॉरवर्ड खेळवलं. त्यानं गोल केला, दक्षिण कोरिया २-१ नं हरला आणि सुवर्ण आपल्याकडे आलं. स्टोन्सच्या त्या ३-२-४-१ बद्दल बोलायचं तर, पुढच्या चौघांतल्या दोन विंगरना थोडं वर सरकवा, ३-२-२-३ होतं. हर्बर्ट चॅपमननं १९२५ च्या नव्या ऑफसाइड नियमानंतर आर्सेनलला जे डब्ल्यू-एम नावाचं फॉर्मेशन खेळवलं, ते हेच.

पास मोजू नका

पासिंगवरचा वाद ‘पझेशन (बॉल ताब्यात असण्याचा वेळ) सत्तर टक्के होतं’ इथून सुरू झाला तर तो तिथंच संपवा. २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये स्पेननं रशियाविरुद्ध हजाराहून जास्त पास दिले. रशिया पाच डिफेंडर लावून बसला. मॅच १-१ राहिली, स्पेनच्या खात्यातला गोलही रशियाच्याच डिफेंडरला लागून आत गेलेला, आणि पेनल्टीवर स्पेन घरी. उलट लेस्टर सिटीनं २०१५-१६ ची प्रीमियर लीग साध्या ४-४-२ वर जिंकली, बॉल बहुतेक वेळा समोरच्याकडे ठेवून.

पास किती यापेक्षा पासनं काय ओलांडलं ते बघा. समोरच्यांच्या दोन किंवा तीन रांगा असतात. पास रांगेच्या पुढून आडवा गेला तर कागदावर काही लिहू नका. रांग चिरून पलीकडे पोचला तर एक रेघ मारा. पहिल्या हाफमध्ये दोन्ही टीमच्या रेघा मारल्या की कोण खेळतंय आणि कोण नुसता बॉल घोळतंय ते दिसतं. पास घेणाऱ्याचं अंगही बघा. तो समोरच्या गोलकडे पाठ करून उभा असेल तर बॉल परत मागे जाणार. तिरका उभा असेल आणि बॉल येण्याआधी खांद्यावरून मागे बघितलं असेल, तर पुढे काहीतरी घडणार.

मागे दिलेल्या पासवर शिव्या घालणं तेवढं थांबवा. २०१९ पासून गोलकिकचा बॉल आपल्याच खेळाडूला पेनल्टी बॉक्सच्या आत घेता येतो, म्हणून डिफेंडर गोलकीपरच्या शेजारी उभे दिसतात. भित्रेपणा नाही तो. समोरच्याला वर ओढायचं आणि त्याच्या पाठीमागची जागा मोकळी करायची, यासाठी लावलेलं आमिष आहे. फसलं की गोल खावा लागतो, हेही खरं.

सरावासाठी २०२२ च्या वर्ल्ड कप फायनलमधला अर्जेंटिनाचा दुसरा गोल काढा, ३६ वं मिनिट. सगळे मेस्सीचा तो हलका स्पर्श बघतात. तुम्ही मॅक ॲलिस्टरला बघा. मेस्सीनं बॉल अल्वारेझला दिला, तेव्हा मॅक ॲलिस्टर आधीच पुढे पळत होता. अल्वारेझनं थांबवून न ठेवता त्याच्या पुढ्यात टाकला, त्यानं आडवा दिला आणि डावीकडून आलेल्या डी मारियानं गोल केला. पहिला देतो, दुसरा वळवतो, आणि ज्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही असा तिसरा तो घेतो. याला थर्ड मॅन म्हणतात. क्रिकेटमधला नाही. क्रिकेटमधला उभा राहतो, हा पळतो.

डोळे तयार करायला मैदानावर जा

टीव्हीवर जमत नसेल तर यशवंत स्टेडियमला लोकल मॅच असेल तेव्हा जा, किंवा कामठीला. मधल्या रेषेसमोरची जागा लोक भांडून घेतात. तुम्ही गोलच्या मागच्या बाजूला, जमेल तेवढं वर बसा. तिथून दोन माणसांमधली आडवी अंतरं दिसतात, जी टीव्हीवर चपटी होतात. डिफेंडर एकमेकांना ओरडून काय सांगतात तेही ऐकू येतं. डोक्याला दुपट्टा बांधा.

आता भांडा

‘तेविसाव्या मिनिटाला, बॉल आपल्याकडे असताना, मागे तिघं होते’ असं बोला. मिनिट आणि बॉल कोणाकडे होता, हे दोन्ही सांगता आलं नाही तर गप्प बसून पोहे खा. समोरचा ‘मेस्सी असता तं’ म्हणाला तर विषय बदला.

मांडताना हरभरे दोन प्लेटमध्ये मांडा, एकीत बॉल असताना, दुसरीत नसताना. वीस हरभरे लागतात, म्हणून तर्री मागताना ‘चना जास्त’ असं आधीच सांगा. आणि लिंबू पोह्यावर पिळायची घाई करू नका, गोलकीपर शेवटपर्यंत लागतो.