१८८४ ची अमेरिकन इलेक्शनची कार्टून्स कशी वाचायची

सगळ्यात आधी, मोबाईलवर पाहू नका. या कार्टून्समध्ये अर्धा माल बारीक अक्षरात असतो आणि मोबाईलवर तो दिसतच नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर 'पक' या तेव्हाच्या व्यंगचित्र साप्ताहिकाची पानं फुकट मिळतात, सगळ्यात मोठी फाइल डाउनलोड करा, नागपुरात बर्डीवर कोणत्याही झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्री कलर प्रिंट काढून घ्या आणि टेबलावर पसरून भिंग घेऊन बसा.

बॅकग्राउंड एवढंच पुरे: रिपब्लिकन पक्षाचे जेम्स ब्लेन विरुद्ध डेमोक्रॅट ग्रोव्हर क्लीव्हलँड. ब्लेनवर आरोप होता की सभागृहाचे स्पीकर असताना त्यांनी एका रेल्वे कंपनीचं काम केलं आणि बाँड्सच्या धंद्यात पैसा कमावला, त्यांची पत्रंही बाहेर आली, एकात तर 'हे पत्र जाळून टाक' असं लिहिलेलं होतं. क्लीव्हलँडवर लग्नाशिवाय झालेल्या मुलाचं प्रकरण होतं.

आता पहिलं काम म्हणजे पाट्या वाचणे. आपल्या नागपूरकरांना हे लवकर जमतं कारण बडग्या (मिरवणुकीत निघणारा, लोकांचा राग दाखवणारा पुतळा) पाहायची सवय आहे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बडग्याच्या गळ्यातली पाटी वाचल्याशिवाय राग नेमका कशावर आहे ते कळत नाही, इथेही तसंच.

सुरुवात वॉल्ट मॅकडुगलच्या कार्टूनपासून करा. 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या दैनिकाच्या पहिल्या पानावर ३० ऑक्टोबर १८८४ ला आलं होतं. ब्लेन बड्या शेठलोकांसोबत जेवायला बसलेत, जे गोल्ड (Jay Gould), व्हँडरबिल्ट वगैरे मंडळी. घाईत पाहिलं तर नुसती पंगत वाटते, पण भिंग ताटांवर न्या: एकावर 'मोनोपॉली सूप', एकावर 'लॉबी पुडिंग', आणि गोल्डच्या नावाचा 'पाय' (pie) पण आहे. मग टेबलासमोर पाहा, फाटक्या कपड्यातला माणूस, बायको आणि पोर हात पसरून उभे आहेत आणि त्यांच्याकडे कोणी बघून नाही राहिलं. मला विचाराल तर पूर्ण चित्राचा जीव या तिघांमध्ये आहे, शेठलोकांचे चेहरे नंतर पाहिले तरी चालतील. शीर्षकात बेलशझर राजाचं नाव आहे, बायबलमधला बॅबिलोनचा राजा, ज्याच्या मेजवानीत भिंतीवर हात उमटून त्याच्या नाशाची अक्षरं लिहितो. तेव्हाच्या वाचकाला ही गोष्ट तोंडपाठ होती, आपल्याला ती आधी वाचून घ्यावी लागते.

दुसरं काम, तारीख जुळवा. हे लोक सहसा सोडून देतात आणि मग मुद्दाच हातातून जातो. डेलमोनिको हॉटेलातली ती खरी मेजवानी २९ ऑक्टोबरला रात्री झाली, कार्टून दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, मतदान ४ नोव्हेंबरला. म्हणजे रात्रीचं जेवण सकाळी लोकांच्या हातात! साप्ताहिकाला हे जमलंच नसतं, आणि डेमोक्रॅट्सनी त्याची पोस्टरं करून न्यूयॉर्कभर लावली.

आता 'पक'मधलं बर्नहार्ड गिलमचं 'फ्राइन' घ्या. त्यात ब्लेन जवळजवळ उघडे उभे आहेत, अंगभर आरोप गोंदलेले, आणि समोर त्यांच्याच पक्षाचे पुढारी. मूळ फ्रेंच चित्रकार जेरोमचं पेंटिंग आहे, त्यात ग्रीक गणिका फ्राइनचं रूप पाहून न्यायाधीश थक्क होतात, इथे गोंदण पाहून. याची तारीख ४ जून १८८४. त्या वेळी शिकागोत रिपब्लिकन अधिवेशन चालू होतं, ब्लेनची उमेदवारी पक्की व्हायची होती, म्हणजे हे चित्र आधी पक्षाच्याच लोकांना बजावण्यासाठी काढलेलं आहे की याला तिकीट देऊ नका. तिकीट मिळालंच, आणि मग तो गोंदलेला माणूस 'पक'ने निवडणूक होईपर्यंत सोडला नाही.

तिसरं, समोरच्या बाजूचं पण वाचा नाहीतर एकांगी होतं. 'जज' साप्ताहिकात २७ सप्टेंबरला फ्रँक बिअर्डचं कार्टून आलं, बाईच्या कडेवरचं बाळ बाप पाहिजे म्हणून रडतंय आणि क्लीव्हलँड कान झाकून घेतायत. वार तितकाच जबर आहे. फरक एवढाच की ब्लेनवरचा आरोप पदाचा होता आणि हा घरातला, आणि त्या मुलाची जबाबदारी क्लीव्हलँडनी नाकारली नव्हती.

शेवटी निकालाशी जोडताना जपून. न्यूयॉर्क राज्याची ३६ इलेक्टोरल मतं (राष्ट्राध्यक्ष निवडताना राज्याच्या वाट्याला येणारी मतं) क्लीव्हलँडला मिळाली ती अकरा लाखांवर मतदानात जेमतेम हजारेक मतांच्या फरकाने, आणि देशभरात इलेक्टोरल मतं २१९ विरुद्ध १८२ झाली. ती ३६ ब्लेनकडे गेली असती तर तेच राष्ट्राध्यक्ष. म्हणून बरेच जण सांगतात की कार्टूनने निवडणूक जिंकली. मला हे पटत नाही, कारण त्याच २९ ऑक्टोबरला सकाळी ब्लेनसमोर बर्चर्ड नावाचे पाद्री कॅथलिकांना झोंबेल असं बोलून गेले आणि शहरात आयरिश कॅथलिक मतं भरपूर होती, शिवाय ब्लेनवर नाराज रिपब्लिकन आधीच फुटले होते. नोट्स काढताना ही तीनही कारणं शेजारी शेजारी लिहा.

ही तीन चित्रं झाली की 'हार्पर्स वीकली'मधल्या थॉमस नॅस्टकडे वळा. रिपब्लिकन पक्षाचं चिन्ह म्हणून हत्ती १८७४ मध्ये रुजवणारा हाच माणूस १८८४ मध्ये ब्लेनच्या विरोधात गेला. त्याची चित्रं काळ्या रंगात छापलेली, त्यामुळे त्यांना साधी ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट चालते.