शेवटची दोन मिनिटं, पळता रेडर आणि आपली बचावफळी

कबड्डीचा सामना, आघाडी तीन-चार गुणांची, घड्याळात दोन मिनिटं, आणि समोरून असा रेडर (चढाई करणारा) येतोय जो एका जागी थांबतच नाही. या कॉर्नरकडून त्या कॉर्नरकडे पळत राहतो, आणि आपल्यातला कुणी एकजण हात धरून केलेली साखळी सोडून झेपावला की त्याच फटीतून मध्यरेषा गाठतो. सिन्नर, निफाड, दिंडोरीकडच्या रात्रीच्या स्पर्धांत जिंकत आलेले सामने असे हातचे जातात. या रेडरला गुण मिळतात ते बहुतेक आपल्या घाईमुळे. म्हणून त्याची वाट अरुंद करत न्यायची, आणि पकडीला पहिला कोण जाणार हे रेड सुरू होण्याआधीच पक्कं करायचं.

त्याआधी हिशेब. एक रेड ३० सेकंदांची. दोन मिनिटांत चार पूर्ण रेड बसतात, दोन त्यांच्या आणि दोन आपल्या. पण पिछाडीवरचा संघ पूर्ण वेळ घेत नाही, त्यामुळे त्यांच्या तीन रेड धरा. आघाडी चारची असेल आणि प्रत्येक रेडला एकच गुण दिला, तरी सामना आपलाच. इथे पकडीच्या मागे लागायचं कारण नाही. बोनस (बोनस रेषा ओलांडल्याचा एक गुण) घेतोय तर घेऊ द्या. घात होतो तो एका रेडमध्ये दोन-तीन गडी गेल्यावर.

मैदानात गडी किती उरलेत, यावर पुढचं सगळं ठरतं. सहा किंवा सात असताना बोनस चालू असतो. पाच उरले की बोनस बंद. आता त्याला स्पर्शच करावा लागणार, म्हणजे आत यावंच लागणार. आघाडी राखायला पाच जणांचा बचाव आम्हाला सर्वांत सोयीचा वाटतो. तीन किंवा कमी उरले की पकडीचे दोन गुण मिळतात, त्या मोहात पोरं उड्या मारतात. पण तिघेही बाद झाले तर समोरच्याला तीन गुण आणि लोणचे, म्हणजे सगळा संघ बाद झाल्याचे, दोन, असे पाच मिळतात. चारची आघाडी एका रेडमध्ये संपते. तिघे असाल तर दोघांनी मिळून पकड करायची आणि तिसऱ्याने हाताबाहेर राहायचं, काही झालं तरी.

आता उभं राहणं. पुरुषांच्या मैदानाचा आपला अर्धा भाग साडेसहा मीटर खोल: मध्यरेषेपासून निदानरेषा (रेडरला ओलांडावीच लागते ती) ३.७५ मीटरवर, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, आणि तिथून शेवटची रेषा १.७५ मीटर. रुंदी दहा मीटर असली तरी दोन्ही कडांची एकेक मीटरची पट्टी, म्हणजे लॉबी, वजा करून खेळायला आठच मीटर उरतात. महिला गटात मैदान १२ बाय ८, म्हणजे खेळायची रुंदी फक्त सहा. कॉर्नरने (कोपऱ्यावरच्या बचावपटूने) टाच शेवटच्या रेषेला लावून उभं राहू नये. रनिंग हँड टच (पळता पळता हाताने केलेला स्पर्श) आला की मागे सरकायला जागा लागते, म्हणून एक पाऊल पुढे राहा. साखळीत तळहात धरा, बोटांत बोटं गुंतवू नका; ती वेळेवर सुटत नाहीत आणि मुरगळतात. नजर रेडरच्या कमरेवर ठेवा. हात आणि पाय हूल देतात, कमर जिकडे वळते तिकडेच माणूस जातो. त्याच्याबरोबर सरकताना पायावर पाय टाकून पळू नका, बाजूला सरकत जा.

लॉबी हा या रेडरविरुद्धचा आपला सर्वांत मोठा आधार, आणि तिकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. स्पर्श होण्याआधी लॉबीत पाय पडला तर रेडर आपोआप बाद. म्हणजे त्याला हात न लावता कडेकडे दाबत नेलं, तर काम निम्मं होतं. पण कॉर्नरने अर्ध्या मनाने नुसता हात लावला, की लॉबी उघडते, त्याला पळायला एक मीटर जादा मिळतो आणि गडीही जातो. स्पर्श होण्याआधी बचावपटूच लॉबीत गेला तर तोच बाद होतो. पाठलागाच्या भरात दोन-दोन, तीन-तीन जण असे फुकट जातात. म्हणून नियम एकच: हात लावायचा तर धरायलाच.

पकडीची योग्य वेळ म्हणजे तो दिशा बदलतो तो क्षण. कॉर्नरपाशी वळताना त्याचा वेग सर्वांत कमी आणि भार एका पायावर असतो. जवळच्या कॉर्नरने घोटा किंवा मांडी धरायची. त्याच बाजूच्या कव्हरने (कॉर्नर आणि मधला यांच्या दरम्यानच्या बचावपटूने) रेडरकडे न जाता त्याच्या आणि मध्यरेषेच्या मधे जायचं, छाती-खांद्याने वाट अडवायची. मधल्याने कमर. लांबच्या कॉर्नरने मात्र पकड बसल्याची खात्री होईपर्यंत जागा सोडायची नाही, कारण रेडर सुटला तर तिकडेच येतो. इराणच्या फझल अत्राचलीसारखा डावा कॉर्नर पाहताना त्याची झेप सगळे बघतात. झेपेआधी तो किती थांबतो, तेही बघा. तिघांनी उभ्यानेच घेरलं की खालून वाट उघडी राहते. रेडर प्रदीप नरवालची डुबकी (हातांखालून वाकून निसटणं) याच जागेतून निघायची. घेरणाऱ्यांतला एक तरी गुडघ्यात वाकलेला हवा.

आपण पिछाडीवर असू तर सगळं उलटं. समोरचा रेडर नुसता वेळ काढणार: निदानरेषा ओलांडायची आणि परतायचं. ती ओलांडल्याशिवाय परतला तर तो बाद, त्यामुळे तिथपर्यंत येणं त्याला भाग आहे. दोन्ही कव्हर निदानरेषेच्या अर्धा मीटर मागे आणा आणि त्याचा पुढचा पाय रेषेपलीकडे टेकताच जा. त्यांच्या रिकाम्या (गुणाविना गेलेल्या) रेड मोजायचं काम एकाकडेच द्या. लागोपाठ दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर तो बाद. त्या तिसऱ्या रेडला पुढे धावू नका, मागे राहून त्याला आत येऊ द्या.

थंडीत एक वेगळी अडचण येते. रात्री दव पडलं की काळी माती तळव्याला चिकटते, पाय उचलायला क्षणभर उशीर होतो. दर रेडनंतर तळवे पुसा आणि झेपेचं अंतर हातभर कमी धरा. मॅटवर उलट, बूट पकड घेतात आणि रेडर जास्त झटकन वळतो, तिथे कव्हरने थोडं आधीच निघावं.

सरावात फलकावर २७-२४ लिहा आणि घड्याळ दोन मिनिटांवर लावा. पाच बचावपटू, समोर संघातला सर्वांत चपळ रेडर. पहिल्या आठ रेडमध्ये पकड करायला मनाई. फक्त सरकायचं आणि त्याला लॉबीकडे दाबायचं. पुढच्या आठमध्ये पकड खुली, पण कोण जाणार हे कर्णधार रेडआधी बोटांच्या खुणेने सांगेल. दुसऱ्याच कुणी झेप घेतली तर पकड यशस्वी झाली तरी गुण धरायचा नाही. हे शेवटचं पोरांना जाचक वाटतं, पण सोडू नका.

आणि सामना बरोबरीत सुटून पाच-पाच चढायांवर गेला, तर वरचा हिशेब बाजूला ठेवा. तिथे सातही जण मैदानात राहतात, कुणी बाद होऊन बाहेर जात नाही, आणि निदानरेषाच बोनस रेषा ठरते. पळत्या रेडरला ३.७५ मीटरवरच गुण मिळतो. अशा वेळी कव्हरना रेषेवर आणा, कॉर्नर एक पाऊल वर घ्या, आणि पहिल्या रेडपासून पकडीला जा.