एनडीएला जायचंय? मग आधी गणिताची वही काढा

दहावीचा निकाल लागला की बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळूर भागात एक सल्ला फुकट मिळतो: "पळायला लाग, भरती आली की बघू." मी मराठा पलटणीतनं सुभेदार होऊन बाहेर पडलोय, भरतीला नावं ठेवणार नाही. पण अधिकारी व्हायचं असेल तर राजहंसगडाचा चढ पळून भागत नाही. एनडीए म्हणजे पुण्याजवळ खडकवासल्याची, तिन्ही दलांचे अधिकारी घडवणारी अकादमी. तिच्या निवडीत भरतीसारखी पळण्याची शर्यत नाही. आधी लेखी, मग एसएसबी (सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत), मग मेडिकल.

अकरावीला सायन्स घ्या, गणित सोडू नका. आर्मीला कुठलीही बारावी चालते, पण फिजिक्स-केमिस्ट्री-गणित नसेल तर नेव्ही आणि एअरफोर्स विसरायचं. बारावीत असतानाच फॉर्म भरता येतो. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातनं दोनदा.

गणिताचा पेपर ३०० मार्कांचा, अडीच तासांत १२० प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिट! दुसरा पेपर ६०० चा, त्यात २०० मार्क इंग्रजीला. चुकलं की त्या प्रश्नाच्या मार्कांचा तिसरा हिस्सा कापतात, म्हणून अंदाजपंचे ठोकू नका. पेपर इंग्रजी-हिंदीत येतो. मराठीत नाही, कन्नडातही नाही. मराठी शाळेतल्या पोरांनी आजपासूनच इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकातनं गणितं सोडवावीत.

आमची पोरं खरी अडकतात एसएसबीत. पाच दिवसांचं काम, पण बरेच जण पहिल्याच दिवशी परत येतात. एक धुरकट चित्र ३० सेकंद दाखवतात, चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग ती गटात मांडून सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. गल्लीत तासभर बडबडणारा पोरगा तिथं मुका होतोय. उपाय सोपा. संध्याकाळी कट्ट्यावर चौघं-पाच जण बसा, पेपरातला एखादा फोटो घ्या, प्रत्येकानं मिनिटभर इंग्रजीत बोला. चुकलं तर चुकू दे, पण दुसऱ्याचं तोडू नका. मुलाखतीत घोकलेली उत्तरं लगेच कळतात. त्यापेक्षा मंडळाच्या वर्गणीचा हिशेब कसा ठेवला, भांडण कसं मिटवलं, हे सरळ सांगा.

इतिहासही थोडा वाचा. १९४९ मध्ये प्रशिक्षण डेहराडूनला सुरू झालं, त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला नेहरूंनी खडकवासल्याला पायाभरणी केली, आणि १९५५ च्या जानेवारीत अकादमीचं रीतसर उद्घाटन झालं. तिथल्या सुदान ब्लॉक या मुख्य इमारतीसाठी सुदान सरकारनं एक लाख पौंड दिले होते, दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत लढलेल्या भारतीय जवानांच्या आठवणीसाठी. त्याच पूर्व आफ्रिकेत, आजच्या इरिट्रियात, १९४१ च्या केरेनच्या लढाईत मराठा पलटणीही होत्या. बेळगावच्या पोराला हे माहीत नसेल तर काय म्हणायचं?

आत तीन वर्षं, सहा टर्म. ड्रिल, घोडेस्वारी, पोहणं आणि जोडीला दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठाची पदवी. पुढच्या प्रशिक्षणाला आर्मीवाले डेहराडूनला, नेव्हीवाले एळिमलाला, एअरफोर्सवाले दुंडिगलला. पोहायला मात्र इथल्या विहिरीतच शिकून जा. राहणं, जेवण, कपडे सरकारचे. घरच्यांनी खर्चाला थोडे पैसे पाठवायचे.

२०२२ पासून मुलीही जातात. मुलींना परीक्षेची फी नाही. वडील जवान, हवालदार किंवा सुभेदार असतील आणि पोरगा मिलिटरी स्कूल किंवा सैनिक स्कूलमध्ये शिकत असेल तर त्यालाही माफ आहे, तेवढा वडिलांच्या डिस्चार्ज बुकाचा (सैन्यातनं बाहेर पडताना मिळणाऱ्या पुस्तकाचा) कागद शोधून ठेवा.