मुलांना रागमाला दाखवताय? मग या चुका टाळा

गेली अकरा वर्षं मी शनिवार-रविवारी मुलांसोबत लघुचित्रं बघते. सात ते तेरा वर्षांची मुलं असतात. आमची आवडती चित्रं म्हणजे रागमाला. एकेका रागाला, रागिणीला माणसाचं रूप, जागा, वेळ आणि ऋतू देऊन काढलेली ही चित्रं. सोळाव्या शतकापासून पुढची तीनशे वर्षं राजस्थानात, पहाडी राज्यांत आणि आपल्या दख्खनमध्ये त्यांचे संच तयार होत राहिले. मुलांना ती आवडतातच. गोडी घालवतो आपण मोठी माणसं, आणि दर वेळी त्याच त्याच चुका करून.

नाव आधी सांगणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. "ही तोडी रागिणी. हातात वीणा, भोवती हरणं." एवढं ऐकलं की मुलाचं बघणं तिथेच संपतं. उत्तर मिळालं, आता शोधायचं काय?

एका शाळेत मला बोलावलं होतं. मी विभास रागिणीचे छापील नमुने घेऊन गेले. वर्गात शिरले तर फळ्यावर सुरेख अक्षरात लिहिलेलं: 'विभास – पहाटेचा राग – शृंगार रस'. बाईंनी प्रेमाने तयारी करून ठेवली होती. चाळीस मुलं ते वहीत उतरवून घेत होती. मी चित्रं वाटली आणि विचारलं, "काय दिसतंय?" चाळीस गळ्यांतून एकच उत्तर आलं, "पहाट!" चित्राकडे एकानेही पाहिलं नव्हतं.

मी फळा पुसायला लावला. चित्रं उलटी ठेवली. चार-चार मुलांचे गट केले, प्रत्येक गटाला एक भिंग दिलं आणि म्हटलं, "आता चित्र सुलटं करा आणि मला एवढंच सांगा, या माणसाला राग कुणाचा आलाय?"

मिनिटभर वर्गात चिडीचूप. मग खिडकीजवळच्या गटातली एक मुलगी ओरडली, "कोंबड्याचा!" तो माणूस धनुष्य ताणून उभा आहे, मागे पलंगावर त्याची प्रिया झोपली आहे आणि बाण रोखलाय तो थेट कोंबड्यावर. मग मुलं थांबेनात. कोंबडा आरवला की ती उठेल. सकाळ होईल. त्याला रात्र संपायला नकोय. एक जण म्हणाला, "पण कोंबड्याला मारलं तरी सूर्य उगवणारच ना?" त्यानंतर मी विभासची दोन मिनिटांची आलापी लावली. शृंगार रस हा शब्द उच्चारायची गरजच पडली नाही.

'राग' या शब्दावर मुलं अडखळतात ती मराठीमुळे. त्यांना तो चिडण्याचा राग वाटतो. त्यांना गप्प करू नका. हा शब्द ज्या संस्कृत धातूवरून आला त्याचा अर्थ रंगणं, रंगवणं. मन ज्याने रंगतं तो राग. चित्रासमोर बसून हे सांगितलं की मुलांचे डोळे लकाकतात.

माझी सवय सांगते. पहिली दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही, मीसुद्धा. मग तीन प्रश्न: इथे किती वाजले असतील? या चित्रात आवाज कुठून कुठून येतोय? कोण आत्ता आलंय किंवा निघालंय? रागाचं नाव सगळ्यात शेवटी.

चित्रातला राग आणि आजचा राग एकच समजणं

एका कार्यशाळेत मी मदतीला होते. चालवणाऱ्या ताईंनी हिंदोलचं चित्र दाखवलं, झोपाळ्यावर बसलेला नायक आणि त्याला झोके देणाऱ्या स्त्रिया. मग आजचा हिंदोल लावून म्हणाल्या, "ऐका, स्वरांतून झोका दिसतोय ना?" गाणं शिकणाऱ्या एका मुलीने हात वर केला. "ताई, हिंदोलात रे आणि प नसतात. मग झोका कुठल्या स्वरात आहे?" तिला "नंतर सांगते" म्हणून बसवलं गेलं. नंतर कुणी सांगितलं नाही आणि त्या मुलीने दिवसभरात पुन्हा हात वर केला नाही. ते मला अजून बोचतं, कारण तिचा प्रश्न अगदी योग्य होता.

तिला खरं सांगायला हवं होतं. चित्रकार बहुतेक वेळा स्वर ऐकून नव्हे, तर रागाचं वर्णन करणाऱ्या कवितेवरून चित्र काढत. बऱ्याच चित्रांच्या माथ्यावर पिवळ्या पट्टीत ती कविता लिहिलेलीही असते. सहा राग आणि प्रत्येकाच्या पाच रागिणी अशी छत्तीसची मांडणी नेहमीची. पहाडी परंपरेत प्रत्येक रागाला आठ पुत्रही मिळाले आणि कुटुंब ऐंशीच्या पुढे गेलं. या सगळ्याला चार शतकं होत आली. नावं टिकली, पण त्या नावाखालचे स्वर ठिकठिकाणी बदलले. मुलांना हे सहज कळतं. त्यांच्या वर्गात एकाच नावाची तीन-तीन मुलं असतात.

म्हणून ऐकवायचंच असेल तर जिथे वेळ किंवा ऋतू आजही जुळतो तिथे ऐकवा: मेघ, वसंत, ललित, विभास. दीपकच्या चित्रासोबत तानसेनाने दिवे पेटवल्याची कथा सांगणार असाल तर ती कथा आहे हेही सांगा. एक मुलगा घरी समईसमोर तासभर गात बसला आणि आपलंच गाणं कच्चं म्हणून रडला.

प्रोजेक्टर

बंद ठेवा. ही चित्रं साधारण वहीच्या पानाएवढी, हातात धरून बघायची. भिंतीवर मोठी केली की रेषेतला जीव जातो. दोन मुलांत एक चांगली रंगीत छपाई आणि भिंग, बास.

पहिल्याच दिवशी रंगवायला बसवणं

पालक दारातच विचारतात, "आज काय करून घरी नेणार?" घाईची सुरुवात तिथे होते. मग बाह्यरेषेच्या झेरॉक्स वाटल्या जातात, मुलं स्केचपेनने पानं भरतात आणि फोटो ग्रुपवर जातात. याला मी लघुचित्राची ओळख म्हणणार नाही. मी पहिल्या तीन बैठकांत रंग काढतच नाही. चौथ्यांदा वसली करतो: तीन जाड कागद पिठाच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, रात्रभर वजनाखाली ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी गुळगुळीत शंखाने घोटायचे. घोटाईत मुलं रमून जातात. खरखरीत कागद हळूहळू नितळ होत जातो, शंखाचा आवाज बदलतो आणि बोटाला तो फरक आधी कळतो. तयार चकचकीत कागद आणला की हे सगळं हातचं जातं. आणि हो, एका केसाच्या कुंचल्याची दंतकथा सोडून द्या. खारीच्या शेपटीचे बरेच केस एकत्र बांधतात, फक्त टोक केसाएवढं बारीक असतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. घर बाहेरून आणि आतून एकदम दिसतं म्हणून "चित्र चुकलंय" म्हणू नका. कुठून कुठून बघितलं असेल ते मुलांना शोधू द्या. रात्रीच्या चित्रात आभाळ काळं, पण चेहरे लख्ख. कसं, ते त्यांनाच विचारा. ही कला फक्त राजस्थानची असं सांगू नका, अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या निजामशाहीतली मानली जाणारी सोळाव्या शतकाच्या अखेरची हिंदोलची चित्रकृती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. चित्रकाराचं नाव माहीत असेल तर जरूर सांगा: मेवाडात चावंडला १६०५ मध्ये झालेला संच नसीरुद्दीनचा. "सगळ्या बायकाच आहेत" म्हणून मुलगे कंटाळले तर देशाख दाखवा. त्यात मल्ल कसरती करतात आणि मल्लखांब आठवावा असा उभा खांबही असतो.

संग्रहालयात नेलंत तर एका फेरीत साठ चित्रं दाखवू नका. तीन पुरेत. समोर जमिनीवर बसा आणि निघण्याआधी पहिल्या चित्राकडे परत या. गेल्या महिन्यात आसावरीसमोर असंच परत आलो. मोरपिसांचा घागरा घातलेली ती स्त्री, चंदनाचं झाड, झाडावरून तिच्याकडे उतरणारे साप. सहा साप मी कैक वर्षं मोजत आले होते. नऊ वर्षांच्या एका मुलीने पानांत दडलेला सातवा दाखवला.