गाईच्या शेणातून पॅराट्यूबरक्युलोसिसचा जीवाणू वाढवताना

जोन्स रोगाचा (पॅराट्यूबरक्युलोसिस, गुरांच्या आतड्याचा जुनाट आजार) जीवाणू, म्हणजे मायकोबॅक्टेरियम एव्हियम उपजाती पॅराट्यूबरक्युलोसिस, एकाचे दोन व्हायला दिवसाहून जास्त वेळ घेतो. शेणातले इतर जंतू तेवढ्या वेळात नळी भरून टाकतात. इथे चूक होते पहिल्या दोन-तीन दिवसांत आणि कळते दोन-तीन महिन्यांनी. त्यामुळे खरी मेहनत सुरुवातीलाच घ्यायची असते.

नमुना जमिनीवरून उचलू नका. प्रत्येक जनावरासाठी नवा हातमोजा घालून गुदाशयातून १० ते २० ग्रॅम शेण घ्या. गोठ्यात एका ग्रॅममागे १०,००० हून जास्त जीवाणू टाकणारे जनावर असेल, तर ते जीवाणू चाऱ्यावाटे शेजारच्या गाईच्या पोटात जातात आणि तसेच बाहेर पडतात. अशी गाय संसर्ग नसतानाही पॉझिटिव्ह दिसू शकते, म्हणून एका निकालावर शिक्का मारू नये. नमुना पुन्हा घ्यावा. शेण ४ अंशांवर ठेवून दोन दिवसांत कामाला घ्या. जास्त दिवस ठेवायचे तर उणे ७० किंवा त्याहून थंड. उणे २० च्या फ्रीझरमध्ये जिवंत जीवाणू घटत जातात, आणि थोडेच जीवाणू टाकणारी जनावरे त्यामुळे निसटतात.

५० मिलीच्या नळीत ३५ मिली निर्जंतुक पाणी घेऊन त्यात २ ग्रॅम शेण टाका, ३० मिनिटे हलवा आणि ३० मिनिटे उभी ठेवा. वरच्या थरातले ५ मिली पिपेटने काढा. तळाचा चोथा ढवळला गेला तर नळी पुन्हा स्थिर होऊ द्या. हे ५ मिली २५ मिली एचपीसी या जंतुनाशकाच्या द्रावणात मिसळा. हे द्रावण म्हणजे अर्ध्या ताकदीच्या ब्रेन-हार्ट इन्फ्यूजन या पोषक रसात (लिटरला १८.५ ग्रॅम पावडर) ०.९ टक्के हेक्झाडेसिलपायरिडिनियम क्लोराइड. नळी ३७ अंशांवर रात्रभर, १८ ते २४ तास ठेवा.

जंतू मारायच्या द्रावणात पोषक रस का घालायचा? बॅसिलससारख्या जंतूंचे बीजाणू एचपीसीला दाद देत नाहीत. रस मिळाला की ते अंकुरतात, आणि अंकुरले की मरतात. नुसत्या पाण्यात एचपीसी वापरले तर हेच बीजाणू पुढे माध्यमावर उगवतात. एचपीसी थंडीत स्फटिक होऊन खाली बसते, म्हणून बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका. दूषितीकरण वाढले म्हणून त्याचे प्रमाण वाढवायचा मोह मात्र टाळा, कारण ते आपल्या जीवाणूलाही मारते.

दुसऱ्या दिवशी ९०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ९०० पट) वर ३० मिनिटे सेंट्रीफ्यूज करा. फेऱ्यांचा आकडा रोटरच्या त्रिज्येवर ठरतो: १६ सेंटीमीटर त्रिज्येला मिनिटाला सुमारे २,२४० फेरे. झाकण लगेच उघडू नका. हवेत उडालेले थेंब बसायला दहा मिनिटे द्या. नळ्या जैवसुरक्षा कॅबिनेटमध्येच उघडायच्या. वरचा द्रव ओतून साका १ मिली प्रतिजैविक मिश्रणात कालवा. अर्ध्या ताकदीच्या त्याच रसात, दर मिलीला व्हँकोमायसिन १०० मायक्रोग्रॅम, नॅलिडिक्सिक ॲसिड १०० आणि ॲम्फोटेरिसिन बी ५० असे प्रमाण ठेवा. पुन्हा ३७ अंशांवर रात्रभर. ॲम्फोटेरिसिन उजेडात निकामी होते. मिश्रण ताजे करा आणि अंधारात ठेवा. बुरशी येत असेल तर पहिला संशय इथेच घ्यावा.

पेरणीसाठी हेरॉल्डच्या अंड्याच्या बलकाच्या माध्यमाच्या चार तिरक्या नळ्या लागतात: तीन मायकोबॅक्टिन जे (या जीवाणूला वाढायला लागणारा लोहवाहक पदार्थ) असलेल्या, लिटरला २ मिलिग्रॅम, आणि एक त्याविना. प्रत्येकीत ०.२ मिली सोडा. नळ्या आडव्या ठेवून झाकणे आठवडाभर सैल ठेवा, पाणी मुरले की घट्ट करा. विसरलात तर माध्यम सुकते आणि तीन महिन्यांची वाट वाया जाते. प्रत्येक तुकडीबरोबर या जीवाणूचा एक माहीत असलेला स्ट्रेन (वाण) आणि एक निगेटिव्ह शेणही याच सगळ्या पायऱ्यांतून न्या. माहीत असलेला स्ट्रेनही उगवला नाही, तर 'वाढ नाही' हा त्या तुकडीचा निकाल धरता येत नाही.

पहिल्या आठवड्यात फक्त दूषितीकरण पाहा. माध्यम पातळ झाले किंवा रंग पालटला तर ती नळी बाद. त्या नमुन्याचे राखून ठेवलेले शेण पुन्हा प्रक्रियेला घ्या. चौथ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, सोळाव्यापर्यंत तपासत राहा. वसाहती बारीक, सुमारे एक मिलिमीटरच्या, फुगीर आणि पांढुरक्या असतात. झील-नील्सन रंगात (मायकोबॅक्टेरिया ओळखायची रंगपद्धत) लाल, आखूड दांड्यांचे पुंजके दिसले पाहिजेत. मायकोबॅक्टिनविना वाढ नाही, एवढ्यावर ओळख पक्की करू नका. एव्हियमच्या काही जातींनाही सुरुवातीला ते लागते. आयएस ९०० या डीएनए क्रमाचा पीसीआर (ठरावीक डीएनए तुकडा वाढवून ओळखणारी चाचणी) करा. जीनोममध्ये त्याच्या १५ ते २० प्रती असल्याने तो फार संवेदनशील आहे, पण तत्सम क्रम इतर मायकोबॅक्टेरियांतही सापडतात, म्हणून जोडीला एफ ५७ हा फक्त याच जीवाणूत असणारा क्रम घ्या.

शेणाचा थेट पीसीआर पॉझिटिव्ह आणि नळ्या रिकाम्या, असे वारंवार होत असेल आणि कळपाचा मेंढ्यांशी संबंध असेल, तर मेंढी प्रकारच्या स्ट्रेनचा विचार करा. तो हेरॉल्डच्या माध्यमावर, विशेषतः त्यात पायरुव्हेट घातलेले असताना, जेमतेम वाढतो. अशा नमुन्यांना बलक आणि मायकोबॅक्टिन घातलेले मिडलब्रुक ७एच१० हे माध्यम द्या.

मिळालेला स्ट्रेन पहिल्या-दुसऱ्या उपसंवर्धनातच ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला गोठवा आणि प्रयोगाला दरवेळी त्याच साठ्यातून काढा. वारंवार पुढे वाढवलेला स्ट्रेन प्रयोगशाळेला सरावतो, आणि मग त्याचे वागणे गाईच्या आतड्यातल्या जीवाणूशी जुळेलच असे नाही.