इंग्रजी वाक्य आखूड करण्याआधी कर्ता बघा

व्हेन, व्हाइल, बिफोर, आफ्टर, बिकॉज यांनी सुरू होणारं क्रियाविशेषण उपवाक्य, म्हणजे मुख्य क्रिया कधी किंवा का घडली ते सांगणारा भाग, आखूड केलं की इंग्रजी सुटसुटीत होतं. बेळगावच्या शहापुरात संध्याकाळी मराठी माध्यमाची दहावीची मुलं माझ्याकडे येतात, त्यांना मी हे मुद्दाम शिकवते. पण काहीही खोडण्याआधी एक प्रश्न विचारायला लावते: दोन्ही क्रिया करणारा एकच आहे का? नसेल तर वाक्य आहे तसं ठेवा.

'व्हाइल आय वॉज वेटिंग फॉर द खानापूर बस, आय मेट माय अंकल.' वाट बघणारी मी, भेटणारीही मीच. तेव्हा पहिल्या भागातले 'आय' आणि 'वॉज' काढा: 'व्हाइल वेटिंग फॉर द खानापूर बस, आय मेट माय अंकल.' 'वॉज'सारखं काही नसेल, तर कर्ता काढून क्रियापदाला 'इंग' लावा. 'बिफोर शी लेफ्ट फॉर निपाणी, शी लॉक्ड द हाउस' याचं 'बिफोर लीव्हिंग फॉर निपाणी' होतं. पहिल्या भागात नाव असेल, तर ते मुख्य वाक्यात न्यायला विसरू नका, नाहीतर 'शी' कोण ते कळणार नाही.

क्रिया कर्त्यावर होत असेल तर 'इंग' नको. 'इफ इट इज कुक्ड स्लोली, कुंदा टर्न्स ब्राउन' यातून फक्त 'इट इज' जातं (कुंदा म्हणजे बेळगावची मिठाई).

आता खरी अडचण. एका मुलानं लिहिलं होतं: 'आफ्टर ईटिंग द ग्रास, माय फादर मिल्क्ड द बफेलो.' वर्गातून लगेच आवाज आला, "टीचर, गवत म्हशीनं खाल्लं की!" इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र ते बाबांनी खाल्लेलं दिसतं. यात त्या मुलाचा निष्काळजीपणा नव्हता. 'गवत खाल्ल्यावर बाबांनी म्हशीची धार काढली' हे मराठीत सहज चालतं, कारण 'ल्यावर' आणि 'ताना' दोन वेगळे कर्ते खपवून घेतात. 'बाजाराला जाताना पाऊस आला' यात कुणाला काही खटकत नाही. तेच इंग्रजीत 'गोइंग टू द मार्केट, द रेन स्टार्टेड' केलं, तर पाऊसच बाजाराला निघतो.

म्हणून तपासणीसाठी 'करून', 'जाऊन' यांतल्या आपल्या 'ऊन'ची मदत घ्या. 'गवत खाऊन बाबांनी धार काढली' असं मोठ्यानं म्हणून बघा. आता मराठी कानालाही चूक लागते, कारण 'ऊन'ला साधारणपणे एकच कर्ता लागतो. कन्नड बोलणाऱ्या मुलांना 'माडि' (करून), 'होगि' (जाऊन) यांवरूनही हे पटतं. 'ऊन' बसत असेल तर बिनधास्त आखूड करा. बसत नसेल, तर वेगळा कर्ता परत आणा: 'आफ्टर द बफेलो हॅड ईटन द ग्रास, माय फादर मिल्क्ड हर.' 'व्हाइल', 'बिफोर'च्या आणि कारण सांगणाऱ्या वाक्यात 'ऊन' नेहमी जमत नाही. तिथं सरळ दोन्हीकडे 'कोण?' विचारा.

'बिकॉज'चं वागणं वेगळं. आखूड करताना तो शब्दच जातो, 'बिकॉज नोइंग' लिहू नका. 'बिकॉज ही डिड नॉट नो कन्नड, ही आस्क्ड द कंडक्टर इन मराठी' याचं 'नॉट नोइंग कन्नड, ही आस्क्ड द कंडक्टर इन मराठी' होतं. 'नॉट' आधी येतो. 'सिन्स'ही कारणासाठी असेल तर जातो, काळासाठी असेल तर राहतो: 'सिन्स कमिंग टू बेळगाव, शी हॅज लर्न्ट कन्नड.' एक काम पुरतं आटोपून दुसरं केलं असेल तर 'हॅविंग' घ्या: 'हॅविंग सोल्ड द टोबॅको, ही रिपेड द लोन.'

मुलांच्या आवडीचं 'ॲज सून ॲज' मात्र असं आखूड होत नाही. 'ॲज सून ॲज रीचिंग होम' चूक आहे. तिथं 'ऑन रीचिंग होम' लिहा.