मेंढ्याचं वीर्य तपासताना आणि साठवताना: या चुका टाळा

मृगाचा पाऊस पडतो, माळावर हिरवा कोंब दिसायला लागतो आणि दख्खनी मेंढ्या भराभर माजावर येतात. भूम-पाटोद्यापासून अहमदपूरपर्यंत बालाघाटाच्या पट्ट्यात पैदाशीचा नर कळपात सोडायची मुख्य वेळ हीच. आणि दरवर्षी ठरलेली तक्रारही याच दिवसांतली: नर धडधाकट आहे, मेंढीवर चढतोय, पण सतरा दिवस झाले की मेंढ्या पुन्हा उलटतायत, म्हणजे गाभण न राहता परत माजावर येतायत. मग दोष मेंढ्यांना दिला जातो, चाऱ्याला दिला जातो, कधी दिवस चांगले नाहीत म्हणून सोडून दिलं जातं. नराच्या वीर्याकडे लक्ष सगळ्यात शेवटी जातं. कळपातल्या पंचवीस-तीस मेंढ्या एका नराच्या भरवशावर असतात, म्हणून खरं तर सुरुवात तिथून व्हायला हवी.

गेली काही वर्षं मी मेंढपाळांच्या वाड्यावर जाऊन वीर्य तपासणीचं आणि कृत्रिम रेतनाचं काम करतो. बहुतेक बिघाडांच्या मुळाशी एकच गोष्ट सापडते, ती म्हणजे तापमान. कधी नराच्या अंगातलं, कधी नळीतलं, कधी काचपट्टीचं.

आजचं वीर्य दोन महिन्यांपूर्वीचं असतं

मेंढ्याच्या वृषणात शुक्राणू तयार व्हायला साधारण ४७ ते ४९ दिवस लागतात. त्यानंतर नळ्यांतून पुढे सरकत पक्व व्हायला आणखी १० ते १४ दिवस. म्हणजे मृगात जे वीर्य मेंढीत पडतं ते चैत्र-वैशाखात घडलेलं असतं, आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो त्या दिवसांत. वृषणांचं तापमान शरीरापेक्षा ४ ते ६ अंशांनी कमी राहिलं तरच शुक्राणू नीट तयार होतात. म्हणूनच निसर्गाने वृषणांची पिशवी शरीराबाहेर लटकवली आहे. भर उन्हात मोकळ्या रानात दिवसभर फिरणाऱ्या नराला हे अंतर राखता येत नाही. तो वरून ठणठणीत दिसतो, खातो, टकरा घेतो, माजावरच्या मेंढीमागे धावतो. वीर्य मात्र गेलेलं असतं.

त्यामुळे पहिली चूक नर सोडायच्या आदल्या आठवड्यात खुराक सुरू करण्याची. तो खुराक चालू हंगामात फारसा कामाला येत नाही. काळजी गुढीपाडव्यापासून घ्यायला लागा. दुपारी बारा ते चार नर लिंबाच्या किंवा बाभळीच्या सावलीत बांधा, चरायला पहाटे आणि संध्याकाळी न्या, पाणी कायम समोर ठेवा. पिशवीवर लोकर दाट असेल तर ती कातरा. कातरताना कातडीला इजा होऊ देऊ नका, कारण तिथली जखम सुजली की पुन्हा उष्णता वाढते. उन्हाळ्यात हिरवं मिळत नाही तेव्हा मूठभर शेवरी, सुबाभूळ किंवा लसूणघास तरी द्या. अ जीवनसत्त्व कमी पडलं की त्याचा परिणाम शुक्राणूंवर होतो.

तापाचंही तेच. नीलजिव्हा, लाळ्या खुरकूत किंवा देवीतून नर बरा झाला म्हणजे वीर्य बरं झालं असं धरू नका. तापाच्या तारखेपासून दोन महिने मोजा, मग तपासा. दिवाळीच्या सुमारास कुसळी गवत वाळतं तेव्हा आणखी एक त्रास होतो. कुसळं पिशवीच्या कातडीत घुसतात आणि आत पू धरतो. संध्याकाळी वाड्यात आल्यावर एकदा हात फिरवून कुसळ काढायची सवय ठेवली तर पुढचा बराच खर्च वाचतो.

एका गोष्टीवर मी जरा अडून बसतो, ती म्हणजे सरकीची ढेप. आपला मुलूख कापसाचा, ढेप हाताशी असते, आणि नराला ताकद यावी म्हणून दोन महिने भरपूर ढेप चारणारे मी पाहिले आहेत. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. ते शुक्राणूच्या मानेखालच्या भागाला इजा करतं, आणि शेपटीला हालचालीचं बळ तिथूनच मिळतं. पैदाशीच्या नराला सरकी देऊ नका. शेंगदाणा पेंड, सोयाबीन पेंड, हरभऱ्याची भरड, मका यांवर भागतं. कापूस वेचून झालेल्या रानातही नराला मनसोक्त कच्ची बोंडं खाऊ देऊ नका.

हात लावून तपासायचं विसरू नका

सूक्ष्मदर्शक हाती आल्यापासून नव्या मुलांची एक सवय दिसते. थेंबाकडे बघतात, नराकडे बघत नाहीत. आधी मागून दोन्ही वृषण हातात घ्या. दोन्ही सारख्या आकाराची, पिकत आलेल्या पेरूसारखी घट्ट पण किंचित दबणारी हवीत. पिचपिचीत लागली तर काम मंदावलंय. दगडासारखी लागली तर जुना आजार असू शकतो. खालच्या टोकाला मोठ्या बोराएवढा फुगवटा लागतो. तिथे तयार शुक्राणू साठतात. एका बाजूचा फुगवटा मोठा, कडक किंवा दुखरा असेल तर नर बाजूला काढा आणि रक्ताचा नमुना ब्रुसेलोसिससाठी पाठवा. हा रोग माणसालाही होतो, म्हणून हातमोजे घालूनच काम करा आणि नंतर साबणाने हात धुवा. परभणी आणि उदगीर या दोन्ही ठिकाणी पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. नमुना कुठे आणि कसा पाठवायचा ते तुमच्या दवाखान्यातले डॉक्टर सांगतील.

वृषणांचा घेर मोजायची पद्धत चांगली आहे, पण परदेशी जातींच्या तक्त्यातले ३० ते ३३ सेंटिमीटर आपल्या दख्खनी नराला लावून त्याला नापास करू नका. कळपातल्या त्याच वयाच्या नरांशी तुलना करा.

वीर्य घेताना

कृत्रिम योनी म्हणजे वीर्य जमा करायची दुहेरी नळी, तिच्या दोन थरांमध्ये गरम पाणी भरतात. तिच्यात कढत पाणी ओतून अंदाजाने काम करणं ही मोठी चूक. आतल्या अस्तराचं तापमान ४२ ते ४५ अंश हवं, आणि ते थर्मामीटर आत घालूनच बघायचं. जास्त गरम झालं तर नर दचकतो आणि पुढचे कित्येक दिवस जवळ येत नाही. थंड झालं तर वीर्य देत नाही किंवा लघवी करतो. व्हॅसलीन तोंडापाशी बोटभर पुरे.

जमा करायची नळी कोरडी आणि ३० ते ३५ अंशांवर असावी. डिसेंबरच्या पहाटे वाड्यावर १०-१२ अंश थंडी असते, तेव्हा नळी मुठीत किंवा बगलेत धरून गरम ठेवा. मे महिन्यात उलटं होतं. उन्हात गाडीच्या सीटवर ठेवलेली नळी हाताला चटका देते. ऊन थेट वीर्यावर पडू देऊ नका.

बरेच दिवस विसावलेल्या नराच्या पहिल्या वीर्यात जुने, मेलेले शुक्राणू भरलेले असतात. ते बघून निकाल देऊ नका. एक-दोन दिवसांनी पुन्हा घ्या आणि ते तपासा.

काचपट्टीवर मेलेलं वीर्य

हा प्रसंग माझ्या हातून घडलेला आहे. परांड्याकडच्या एका वाड्यावर जानेवारीच्या सकाळी पत्र्याच्या पेटीवर सूक्ष्मदर्शक मांडला होता. नर देखणा, रुंद छातीचा. वीर्य घेतलं ते दीड मिलीच्या आसपास, सायीसारखं दाट. थेंब काचपट्टीवर ठेवून पाहिलं तर काहीच हलत नव्हतं. दुसरा थेंब, तेच. म्हातारे मामा घोंगडी सावरत शेजारी उकिडवे बसले होते. म्हणाले, "डॉक्टर, इकून टाकू का मग?" मी हो म्हणणार होतो. तेवढ्यात काचपट्टी बोटाला लागली. बर्फासारखी गार होती, आणि कडेला पाण्याची ओल. मी ती घागरीतल्या पाण्याने धुऊन तशीच वापरली होती. दुसरी काचपट्टी कोरड्या फडक्याने पुसली, गरम पाण्याच्या बाटलीवर ठेवून ऊबदार केली आणि नळीतला नवा थेंब ठेवला. भिंगाखाली उकळत्या आमटीसारख्या लाटा फिरत होत्या. त्या नराची पिल्लं आज त्या वाड्यात आहेत.

साधं पाणी शुक्राणूला मारतं. पाणी पेशीत शिरतं, शेपटी वळते, हालचाल थांबते. साबण, स्पिरिट, फिनेल यांचा अंशही तसाच घातक. काही सिरिंजच्या काळ्या रबरी दट्ट्यामुळेही शुक्राणू मरतात. म्हणून काचेचं सामान धुऊन, ऊर्ध्वपातित पाण्याने खंगाळून, पूर्ण वाळवून वापरा. काचपट्टी, झाकणकाच आणि वीर्य पातळ करायला मिसळायचं द्रावण, सगळं ३७ अंशांच्या आसपास हवं.

तपासताना आधी रंग बघा. सायीसारखं दाट असेल तर मिलीमागे ४ ते ६ अब्ज शुक्राणू असतात, दुधासारखं असेल तर १ ते अडीच अब्ज. गुलाबी झाक म्हणजे रक्त, पिवळट आणि वास येणारं म्हणजे बहुधा लघवी, राखाडी-तपकिरी म्हणजे पू किंवा घाण. असं वीर्य वापरायचं नाही. मग पातळ न करता, झाकणकाच न लावता, कमी भिंगाखाली लाटा बघा आणि ० ते ५ गुण द्या. तीनच्या खाली असेल तर रेतनाला नको. गोठवायचं असेल तर चारच्या वर पाहिजे. त्यानंतर कोमट द्रावणात पातळ करून, झाकणकाच ठेवून, मोठ्या भिंगाखाली सरळ पुढे पळणारे किती ते मोजा. ७० टक्क्यांच्या वर हवेत. नुसती जागच्या जागी वळवळ असेल, तर ती सरळ पळणाऱ्यांत धरू नका. इओसिन-निग्रोसिन रंगात मेलेले शुक्राणू गुलाबी होतात आणि जिवंत पांढरे राहतात. त्याच पट्टीवर वाकड्या शेपटीचे, तुटक्या डोक्याचे मोजता येतात. २० टक्क्यांपेक्षा जास्त दोषी निघाले तर नराला विश्रांती द्या आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा. एका तपासणीवर चांगला नर बाजारात नेऊ नका.

पातळ करणं आणि गार करणं

इथे लोभ नडतो. हिशोब असा करा: १ मिली वीर्य, त्यात ३०० कोटी शुक्राणू, त्यातले ८० टक्के पळणारे, म्हणजे २४० कोटी. ताज्या वीर्याच्या एका मात्रेत १० कोटी पळणारे धरले तर २४ मात्रा होतात. मेंढीच्या गर्भाशयमुखाशी ०.१ मिलीच्या आसपासच जागा मिळते, जास्त टाकलं तर बाहेर येतं. म्हणजे एकूण २.४ मिली करायचं, द्रावण १.४ मिली पुरतं. नळी भरावी म्हणून दहा मिली केलं की प्रत्येक मेंढीला चौथा हिस्साच मिळतो.

द्रावण साधं करायचं तर ९ ग्रॅम स्किम्ड दूध पावडर १०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात घेऊन गरम पाण्याच्या भांड्यात ९२ ते ९५ अंशांवर १० मिनिटं तापवायची. दुधातला शुक्राणूला मारक भाग तेवढ्याने निष्क्रिय होतो. हे तापवणं गाळणारे पुष्कळ. द्रावण ३० अंशांवर आलं की डॉक्टरांनी सांगितलेलं प्रतिजैविक घाला. रोजचं रोज ताजं करा. वीर्य आणि द्रावण एकाच तापमानाला आणून द्रावण वीर्यात थेंब थेंब सोडा, आणि नळी हलवायची ती हळूच, कलती करून.

ट्रिस नावाचं रसायन आणि अंड्याचा बलक यांचं द्रावणही चालतं. बोकडाच्या वीर्यातल्या विकरामुळे बलकाच्या गुठळ्या होतात, म्हणून बोकडाला बलक जपून वापरावा लागतो. मेंढ्याला ती अडचण नाही. उस्मानाबादी शेळ्यांचं काम करणारे मेंढ्यावर आले की दोन्हींची गल्लत करतात.

आता सर्वात घातक पायरी. ३० अंशांवरची नळी थेट बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवली की शुक्राणूचं कवच फाटतं. त्यानंतर तो पुन्हा गरम केला तरी पळत नाही, किंवा गोल गोल फिरतो. नळी ३० अंशांच्या पाण्याच्या पेल्यात उभी करा आणि पेल्यासकट फ्रिजमध्ये ठेवा. पाण्यामुळे नळी हळू गार होते. ५ अंशांपर्यंत यायला दीड-दोन तास लागू द्या. लसीच्या डब्यातून न्यायचं असेल तर फ्रीझरमधली बर्फाची लादी नळीला चिकटू देऊ नका, मध्ये जाड फडकं ठेवा. ५ अंशांवरचं वीर्य २४ तासांच्या आत वापरा, आणि लवकरात लवकर वापरलेलं बरं. १५ अंशांवर ठेवलं असेल तर त्याच दिवशी संपवा.

गोठवलेल्या कांड्या

गाईच्या अनुभवावरून मेंढीला जोखू नका. मेंढीच्या गर्भाशयमुखात चार ते सात वेड्यावाकड्या घड्या असतात, आणि गाईसारखा मागून हात घालून नळी पार करता येत नाही. गोठवलेलं वीर्य गर्भाशयमुखाशी टाकलं तर गाभण राहण्याचं प्रमाण फार कमी येतं. त्यासाठी दुर्बिणीतून थेट गर्भाशयात वीर्य सोडावं लागतं, आणि ते काम प्रशिक्षित पशुवैद्यकाचंच. वाड्यावरच्या कामाला ताजं किंवा गार केलेलं वीर्य बरं. गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या, म्हणजे बारीक नळ्या, असतीलच तर टाकीतल्या द्रव नायट्रोजनची पातळी दर आठवड्याला पट्टीने मोजा, कांडी शोधताना कांड्यांची डबी टाकीच्या मानेच्या वर उचलू नका, आणि वितळवताना ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद ठेवा. खिशात किंवा तळहातावर वितळवू नका.

मेंढी उलटली का ते कळण्यासाठी

नर सोडताना गेरू तेलात घट्ट कालवून त्याच्या छातीला लावा, आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा लावत राहा. ज्या मेंढीवर तो चढला तिच्या पुठ्ठ्यावर तांबडा डाग उमटतो. सतराव्या दिवशी रंग बदला, निळा घ्या. तांबड्यावर निळा डाग पडलेल्या मेंढ्या मोजा. तीसपैकी तीन-चार असतील तर काळजी नाही. पंधरा-वीस निघाल्या तर त्याच दिवशी नर बदला आणि पहिल्या नराचं वीर्य तपासायला घ्या. मेंढ्यांना अजून सतरा दिवसांची एक पाळी मिळेल, आणि कोकरं थंडीच्या सुरुवातीला, माळावर चारा असतानाच पडतील.